पाठमोऱ्या

थंडी पडली की आमच्या जळगावचा संध्याकाळचा धूर बदलतो. एरवी तो गाड्यांचा असतो, बेकरीचा असतो, कुठेतरी पेटवलेल्या कचऱ्याचा असतो. मार्गशीर्ष लागला की त्यात कपाशीच्या वाळक्या काड्यांचा धूर मिसळतो, कारण भरताची वांगी गॅसवर भाजायची ही गोष्ट इथल्या माणसाला अजून मनापासून पटलेली नाही. परवा तो वास आला तेव्हा मी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होते. समोरच्या गच्चीवर कुणीतरी मोबाइल उंच धरून मावळतीचा फोटो काढत होतं. माझ्या नकळत मी झटकन पाठ फिरवली.

मग माझं मलाच हसू आलं. जिनं तीन वर्षं माणसांवर कॅमेरा रोखायचं शिक्षण घेतलं, पदवी घेतली, त्या बाईनं असं करावं! पण ही सवय मला लागली तीही त्या शिक्षणातच. कुणी लावली तेही मला ठाऊक आहे. शिंदखेड्याकडच्या एका गावातल्या कापूस वेचणाऱ्या बायांनी. तो आणीबाणीचा दुसरा हिवाळा होता.

त्या हिवाळ्याबद्दल बोलायचं तर आधी आबांबद्दल बोललं पाहिजे. आबा म्हणजे माझे वडील. जळगावच्या एका जिनिंगमध्ये ते कापसाची प्रत ठरवत. गाडी आली की वरचा कापूस ते बघतही नसत. कोपरापर्यंत हात आत घालायचा, तळातला मूठभर कापूस ओढून काढायचा, दोन अंगठ्यांत धरून तंतू ताणायचा, गालाला लावून ओल बघायची. वजन वाढावं म्हणून कुणी पाणी शिंपडलेलं असे, कुणी खाली मागल्या वर्षीचा पिवळा माल भरलेला असे. आबांचा वरच्या थरावर विश्वास नव्हता. घरीही नव्हता. मी खूश दिसले तर ते विचारत, ‘काय झालं?’ मी गप्प दिसले तरी तेच विचारत.

त्यांना मी सांगितलं की मला पुण्याला जाऊन चित्रपट-दिग्दर्शन शिकायचंय, तेव्हा त्यांनी पानाचा डबा खाली ठेवला.

“म्हणजे पडद्यावर दिसायचं?”

“नाही आबा. पडद्यावर मी नसणारच.”

“मग फोटो काढायचे?”

“ते कॅमेरामन काढतो.”

“गोष्ट लिहायची?”

“ती दुसऱ्यानं लिहिलेली असू शकते.”

“बोलतात नट, फोटो काढतो कॅमेरावाला, लिहितो तिसराच. मग तू नेमकं काय करणार, मंगल?”

“कुणी कुठे उभं राहायचं ते मी सांगणार.”

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हात कोपरापर्यंत आत घातलाय आणि बोटाला ओल लागलीय. “एवढ्यासाठी तीन वर्षं?” ते म्हणाले.

तरी त्यांनी मला जाऊ दिलं. इतकं सहज जाऊ दिलं की मलाच शंका आली. यामागे काहीतरी असणार, एखादं स्थळ असणार, पुण्यातलाच मुलगा असणार. पहिलं वर्षभर मी पुण्यात भेटायला येणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाकडे त्या नजरेनं बघत होते. तसं काही नव्हतं. आबांनी जाऊ दिलं ते का, हे मला आजही नीट कळलेलं नाही. आमच्या समोरच्या मारवाडी शेठाणीला मात्र सगळं कळलेलं होतं. ‘पोरगी सिनेमात गेली’ एवढंच ती बोलायची, आणि पुढचं ऐकणाऱ्यावर सोडायची.

वर्गात आम्ही मुली फार थोड्या होतो. मुलांना वाटे, या लग्न ठरेपर्यंत आहेत. आमचे एक सर होते, सडपातळ, सतत सिगारेट विझवत असलेले. ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, “चौकटीत जे दिसतं ते बघायला प्रेक्षक आहे. चौकटीबाहेर काय ठेवलंय आणि का ठेवलंय, हे तुम्ही विचारायचं.” त्यानंतर मला साधा सिनेमा बघता येईना. हसऱ्या कुटुंबाचं दृश्य आलं की मी विचार करी, यांच्या भिंतीपलीकडे कोण आहे? रस्त्यात दोन माणसं बोलताना दिसली की वाटे, तिसरं कुठेतरी उभं असेल. शिक्षण म्हणून हे ठीक होतं, पण जगायला त्रासाचं होतं.

पदवीसाठी शेवटच्या वर्षी प्रत्येकानं एक छोटा चित्रपट करायचा होता. मी ठरवलं, कापूस वेचणाऱ्या बाया. शब्द फार नकोत. हात हवेत, चेहरे हवेत, पांढरं शेत हवं. माझी मावशी शिंदखेड्याच्या बाजूला तापीकाठच्या एका गावात दिलेली होती. सगळे तिला अक्का म्हणत, मीही अक्काच म्हणायची. तिचे यजमान म्हणजे नाना. लहानपणी सुटीत मी त्यांच्या शेतात कापसाच्या ढिगावर झोपले होते. माझ्या मनात होतं, तिथे मला कोण अडवणार?

धुळ्याहून एस्टीनं आम्ही निघालो. मी आणि श्रीधरन. श्रीधरन माझ्या चित्रपटाचा कॅमेरामन, केरळचा, मराठीत त्याला ‘पाणी’ आणि ‘पुढे चला’ एवढंच येई. बसच्या टपावर आमच्या चंदेरी पत्र्याच्या पेट्या होत्या. गावच्या फाट्यावर त्या उतरवल्या तेव्हा पारावर दहा-बारा पुरुष बसलेले मी पाहिले. पेट्या खाली ठेवून, दोर सोडून मी मान वर केली तर पारावर कुणीच नव्हतं. एक विडी तेवढी दगडावर धुमसत होती.

नाना घरी नव्हते. “शिंदखेडाले गयेल शेत,” अक्का अहिराणीत म्हणाली, म्हणजे शिंदखेड्याला गेलेत. आणि तिचा मुलगा, भगवान? नुकतंच लग्न झालेला, माझ्याहून थोडा मोठा? तो सुरतेला कामाला गेला, असं अक्कानं सांगितलं. सांगताना ती माझ्याकडे न बघता चुलीतलं लाकूड पुढे सारत होती. भगवानची नवी नवरी उंबऱ्याआड उभी होती. तिचं लक्ष आमच्या पेट्यांकडे होतं.

जेवताना अक्कानं हळूच विचारलं, “मंगल, खरं सांग. त्या पेट्यासमा काय शे?”

“कॅमेरा आहे अक्का. फिल्मचे डबे आहेत.”

“आनि सुरी-कात्री?”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या दिवसांत गावोगाव जीपगाड्या फिरत होत्या. नसबंदीसाठी पुरुषांना धरून नेत होते. म्हातारे नेले, कुठे बिनलग्नाचे नेले, अशा बातम्या एका बाजारातून दुसऱ्या बाजारात जात. खरं किती, खोटं किती, ते सांगणारं कुणी नव्हतं, कारण वर्तमानपत्रात काही येत नव्हतं. वर्तमानपत्रात येत नाही म्हणजे खरंच असणार, असा लोकांचा हिशेब होता. त्यात पुण्याहून एक पोरगी येते, बरोबर एक काळासावळा, न बोलणारा माणूस आणि पत्र्याच्या पेट्या. गावानं काय समजायचं? तो डॉक्टर, आणि मी त्याला घरं दाखवायला आलेली.

मी पेटी उघडून अक्काला कॅमेरा दाखवला. भिंग दाखवलं, फिल्मचे बंद डबे दाखवले. ती मान हलवत राहिली. “हां, हां,” म्हणत राहिली. पण तिनं कशाला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही शेतात गेलो. कपाशी फुटून पांढरी झालेली, मधे मधे तुरीच्या उंच ओळी पिवळ्या फुलांनी भरलेल्या. थंड, कोरडी हवा, आणि इतका स्वच्छ उजेड की श्रीधरन पहिल्यांदा हसला. बाया कंबरेला ओटी बांधून वेचत होत्या. दोन्ही हात असे चालत की बोंडाला कळू नये आपल्यातून काय गेलं. मी ‘सुरू’ म्हटलं. श्रीधरननं कॅमेरा चालू केला. त्याचा घरघर आवाज ऐकताच, कुणी सांगितल्यासारख्या, सगळ्या बाया वळल्या. समोर पाठीच पाठी. विटलेली लुगडी, घामानं चिकटलेल्या चोळ्या, मानेवरचे अंबाडे.

आम्ही बांधाला वळसा घालून पलीकडे गेलो. त्या पुन्हा वळल्या.

त्यांच्यात द्वारकाबाई नावाची एक थोराड बाई होती, बाकीच्या तिचं ऐकत. दुपारी भाकरी खायला बसल्या तेव्हा मी तिच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, “मावशी, तोंड दाखवा ना जरा. तुमचं काम लोकांना दिसेल.”

“तोंडनं तू काय करशी?” तिनं विचारलं.

“पडद्यावर दाखवीन.”

“आनि कोन देखी?”

“परीक्षक बघतील. शहरातले लोक बघतील.”

तिनं कांदा फोडला. “देख पोरी. तोंड दिसनं म्हनजे नाव लागस. नाव लागनं म्हनजे घर सापडस. घर सापडनं म्हनजे घरमाधला माणूस सापडस.” मग माझ्या हातावर तिनं चटणी ठेवली. “खाय. तू वाईट नही शे. पन तुले कोनी धाडं, ते तुलेबी माहीत नही.”

या शेवटच्या वाक्यावर मी बरेच दिवस चिडून होते. मला कुणी पाठवलेलं नव्हतं. मी स्वतःहून आले होते. हे सिद्ध कसं करायचं ते मात्र मला येत नव्हतं. दिग्दर्शनाच्या अभ्यासक्रमात ते नव्हतं.

घरी परतल्यावर माझीही नजर बिघडू लागली. अक्का खाणाऱ्यांपेक्षा जास्त भाकऱ्या थापते, हे मला दिसलं. सकाळी उरलेल्या भाकऱ्यांचं फडकं घेऊन ती ‘वासरूले’ म्हणून बाहेर पडते, आणि वासरू तर दावणीलाच असतं. नाना शिंदखेड्याहून परत आले ते माझ्याशी गोड बोलले, श्रीधरनला पाट दिला, पण जेवताना मधेच विचारलं, “पुनाले तुमना मोठा साहेब कोन?” मी सरांचं नाव सांगितलं. ते त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं, पाठ करावं तसं. शाळेचे गुरुजी आम्हाला पेट्या ठेवायला शाळेची खोली देऊन गेले होते. मास्तर लोकांवर त्या काळात माणसं आणून देण्याची सक्ती होती, न आणली तर पगार अडत, असं ऐकलेलं. मग यांना आमच्याबद्दल एवढी आपुलकी कशाला? रोज संध्याकाळी ते विचारत, “आज कुठल्या शेतात गेलात?” मी एकदा एका शेताचं नाव चुकीचं सांगितलं. का, ते मलाही कळलं नाही.

सुरुवातीचे दोन डबे, पाठींचे, श्रीधरननं अक्काच्या घरी पाण्याच्या माठाशेजारी ठेवले होते, गारव्याला. बाकीचे शाळेत.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी ठरवलं, जवळून जमत नाही तर लांबून घेऊ. आम्ही नदीकडच्या उंचवट्यावर तिपाई लावली, मोठं भिंग चढवलं. खाली शेत, त्यात वाकलेल्या बाया, मागे तुरीच्या ओळी. फार सुंदर दृश्य होतं ते. आजही सांगते, माझ्या हातून त्याहून चांगलं काही झालं नाही. श्रीधरन बराच वेळ कॅमेऱ्याला डोळा लावून होता. मग डोळा न काढता हळूच म्हणाला, “मंगल, तूर हिल रहा है. हवा नहीं है.”

मी भिंगातून पाहिलं. तुरीची एक ओळ हलत होती, शेजारची स्थिर. मग फांद्या बाजूला झाल्या आणि एक माणूस दिसला, पाठीमागे दुसरा, खाली आणखी दोघंतिघं बसलेले. पहिल्यानं तांब्या तोंडाला लावला आणि पाणी पिऊन चेहरा वर केला. थेट माझ्याकडे. म्हणजे त्याला मी दिसत नव्हते, पण मला वाटलं तसं. तो भगवान होता. सुरतेला गेलेला.

कॅमेरा चालूच होता. ‘थांब’ म्हणायचं माझं काम, आणि मी म्हटलं नाही. गावातले लपलेले पुरुष, माझ्या मावसभावासकट, माझ्या चौकटीत स्वच्छ उजेडात बसले होते. फिल्म संपल्याचा आवाज झाला तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता सामान आवरू लागलो.

त्या दिवशी मी अक्काला काही विचारलं नाही.  मला फार एकटं वाटलं. या बाईनं मला अंगाखांद्यावर खेळवलं होतं, आणि मुलगा कुठे आहे हे तिनं माझ्यापासून लपवलं होतं. आणि लपवलं हेच बरोबर होतं, हेही दिसत होतं, कारण मी तर त्याला डब्यात भरून आणला होता.

दुसऱ्याच दिवशी सकाळी जीप आली.

त्यातून एक साहेब उतरले, सोबत दोन माणसं. कुठल्या खात्याचे ते त्यांनी सांगितलं नाही आणि त्या दिवसांत कुणी विचारत नसे. मफलर गुंडाळलेले, बोलायला अगदी मऊ. शाळेच्या ओसरीवर खुर्ची मांडून बसले. हळूहळू गाव जमलं. म्हणजे बाया जमल्या आणि म्हातारे. नाना भिंतीला टेकून उभे होते, गुरुजी दारात.

“फिल्म शिकता? वा, वा,” साहेब म्हणाले. “आमच्या भागातली मुलगी म्हणजे अभिमान आहे. काय काय घेतलंत?”

“कापूस वेचणाऱ्या बाया.”

“फक्त बाया?” ते हसले. “या गावात मला नेहमी बायाच भेटतात. पुरुष दिवसा कुठे असतात, हे कोडंच आहे. तुम्ही तर शेताशेतात फिरलात. तुमच्या फिल्ममध्ये असतील की.”

मी म्हटलं, नाही.

“मग दाखवा.”

“आत्ता दिसत नाही साहेब. पुण्याला जाऊन रसायनात धुवावी लागते. त्याआधी डबा उघडला, उजेड लागला, तर सगळं जातं. कोरी होते फिल्म.”

हे अक्षरन् अक्षर खरं होतं. साहेबांनी ते ऐकलं, मान हलवली, आणि त्यांच्या डोळ्यांत मला आबा दिसले. कोपरापर्यंत हात. ते म्हणाले, “तसं असेल तर हे डबे आमच्याकडे राहू द्या. आम्ही धुऊन घेऊ. सरकारकडे सोयी आहेत.”

 धुतली असती तर सगळं दिसलं असतं. भगवानचा चेहरा, तांब्या, तुरीची ओळ, मागचं निंबाचं झाड, म्हणजे कुठलं शेत तेही. मी पुन्हा सांगितलं, उघडू नका, उजेड लागू देऊ नका. मी जितकं कळवळून सांगत होते तितका त्यांचा विश्वास उडत होता, हे मला स्पष्ट दिसत होतं. खरं बोललेलं त्यांना चालतच नव्हतं. आणि मग मला तीन वर्षांत पहिल्यांदा कळलं की मला दिग्दर्शन येतं.

मी आत गेले. पेटीतून कालचा, तुरीतल्या पुरुषांचा डबा उचलला आणि छातीशी धरून बाहेर आले. बाकीचे पेटीतच ठेवले. म्हटलं, “साहेब, बाकीचे हवे तर न्या. हा एक राहू द्या. हा तर मुळीच उघडू नका.”

श्रीधरनला शब्द कळले नाहीत, पण डब्यावरची खूण त्याला कळली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याचंही आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम त्या डब्यात होतं. तो फक्त एक पाऊल मागे सरकला.

“आणा तो इकडे,” साहेब म्हणाले.

“साहेब, माझी परीक्षा आहे त्यात.”

“आणा म्हणतो ना.”

त्यांच्या माणसानं माझ्या हातातून डबा ओढून घेतला, कडेची चिकटपट्टी नखानं सोडवली आणि झाकण काढलं. ओसरीवर कोवळं ऊन होतं. साहेबांनी फिल्मचं टोक धरलं आणि ओढलं. ती खाली गुंडाळ्या होत पडत गेली, राखाडी, गुळगुळीत, कोरी. त्यांनी ती उजेडासमोर धरली. पुन्हा ओढली. मग रागानं बाकीचे डबेही उघडायला लावले. ओसरीवर फिल्मचा ढीग झाला. म्हातारे मान लांब करून बघत होते. द्वारकाबाईनं पदर तोंडाला लावला होता.

“यात काहीच नाही,” साहेब म्हणाले.

“काहीच नाही, साहेब,” मी म्हटलं. मला रडू येत होतं, ते मी अडवलं नाही. ते खरंच होतं.

जीप गेली. फिल्मच्या ढिगाशी मी आणि श्रीधरन बसून राहिलो. मग द्वारकाबाई आली, वाकली, आणि फिल्मचा एक तुकडा बोटांत धरून पाहिला. “सुरी-कात्री नही यामा,” ती मागे वळून सगळ्यांना म्हणाली. बाया एकेक करून पांगल्या. कुणी माफी मागितली नाही. कुणी तोंड दाखवायलाही तयार झालं नाही. पण त्या दुपारी आमच्यासाठी तीन घरांतून भरीत आलं.

पुण्याला आमच्याबरोबर गेले ते माठाशेजारचे दोन डबे. नुसत्या पाठी. त्यांवरच मी चित्रपट उभा केला, आवाज मागाहून जोडला, कापूस बोंडातून सुटतानाचा, जो खरं तर ऐकूच येत नाही. परीक्षेला बाहेरून आलेले एक गृहस्थ भारावून गेले. चेहरा नाकारण्याचं धाडस, असं काहीतरी बोलले.  मला पदवी मिळाली. त्या कौतुकावर मी आजवर विश्वास ठेवलेला नाही.

मग निवडणुका झाल्या, सरकार बदललं, जीपगाड्या थांबल्या. पुढच्या हिवाळ्यात धुळ्याहून एक प्रोजेक्टर मिळवून मी तो चित्रपट गावात नेला. दिवेलागणीला शाळेच्या भिंतीवर अक्काची पांढरी चादर लावली. या वेळी पुरुषही आले, आधी कडेला उभे राहिले, मग बसले. भगवान पुढेच होता, मांडीवर दोन महिन्यांची मुलगी.

पहिली पाठ दिसली तशी एक बाई ओरडली, “हाई तर मी!” “तू कोठली, ती मनी पाठ शे, चोळीले ठिगळ देख ना!” भांडणच लागलं. प्रत्येक अंबाडा, प्रत्येक खांदा कुणाचा तरी निघाला. नवऱ्यांना बायका ओळखू येईनात, पोरींना आया बरोबर ओळखू आल्या. द्वारकाबाई शेवटपर्यंत गप्प होती. चादर काळी झाल्यावर म्हणाली, “तोंड एकबी नही, आनि सारं गाव दिसी राहिनं.” मला परीक्षकाच्या बोलण्यानं झालं नव्हतं ते त्या वेळी झालं. मी प्रोजेक्टर बंद करायच्या निमित्तानं खाली वाकले आणि जरा वेळ तशीच राहिले.

घरी जेवायला बसलो. नाना खुशीत होते. मी वर्षभर मनात धरलेला प्रश्न विचारला. “नाना, त्या साहेबाला आमच्याबद्दल कुणी सांगितलं असेल? मला गुरुजींचा संशय आहे.”

नानांनी घास खाली ठेवला. “गुरुजी बिचारा काय सांगी,” ते म्हणाले. “मीच सांगं व्हतं.”

मी पाटावरून अर्धवट उठले.

“नाराज नको व्हऊ. गाव मले विचारे, नाना, पोर तुमनी, तुम्ही सांगा ती कोन शे. मी कसं सांगू? मंग म्हटलं, साहेबले बोलावू. सरकारना माणूस सरकारना डबा उघाडत नही. त्यानी उघाडा, तर तू आपली. नही उघाडा, तर तू त्यासनी. पोऱ्हे मी आधीच नदीपार धाडी दिधा व्हतात. तुरमा त्या दिवस कोनीच नव्हतं.”

ते हसत होते. आपली युक्ती त्यांना अजून आवडत होती.

“आणि नसता उघडला तर?” मी विचारलं.

नाना हसायचे थांबले. “तर सकाळनी एस्टीमा तुले बसाडी देतू. आनि अक्काले सांगतू, आजपासून तुले भाची नही.”

मी चुलीकडे पाहिलं. अक्का भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही, थापण्याचा ताल चुकला नाही. म्हणजे तिला हे माहीत होतं. त्या सकाळी मी शाळेत गेले तेव्हा ती मला दारापर्यंत सोडायला आली होती, तेव्हाही माहीत होतं.

नानांना ठाऊक नव्हतं ते एकच. त्या दिवशी तुरीत कुणी नव्हतं, पण डब्यात होतं. साहेबांनी डबे न उघडता नेले असते तर सगळ्यात आधी नानांचा स्वतःचा मुलगा सापडला असता, आणि तो त्यांनी स्वतः बोलावून आणलेल्या माणसाच्या हाती. हे माझ्या अगदी ओठांवर आलं. मी नानांकडे पाहिलं. बाहेर भगवान मुलीला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होता, तिला झोप येत नव्हती, आणि तो तिला कसलंतरी बेसूर गाणं म्हणत होता.

मी ते गिळलं. पुढे नाना गेले, अक्का गेली. मी ते कधीच सांगितलं नाही.

अक्कानं तव्यावरची भाकरी काढून माझ्या ताटात टाकली, तिच्यावर भरताचा गोळा ठेवला. “खाई ले,” ती म्हणाली, “थंडं व्हई राहिनं.”

मी भाकरी मोडली.